पसरवणं वेगळं, दाबणं वेगळं

घरी एस्प्रेसोचं यंत्र आलं की पहिला महिना सगळं लक्ष कॉफीची पूड दाबण्याकडे असतं. शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, दहा-बारा सेकंदांत भसाभस उतरला की वाटतं, दाब कमी पडला. मग पुढच्या वेळी दात-ओठ खाऊन टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, रेटायचा. मीही मनगट दुखेपर्यंत हेच केलं. गोम होती त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत. बास्केटमध्ये, म्हणजे पूड भरायच्या जाळीदार वाटीत, कॉफी पसरवणं आणि ती दाबणं ही दोन वेगळी कामं. पाठोपाठ होतात म्हणून आपण दोन्हींना मिळून ‘टॅम्पिंग’ म्हणून मोकळे होतो.

पसरवणं म्हणजे कॉफी सगळीकडे सारखी दाट बसवणं. ग्राइंडरमधून पडताना तिचा मधोमध ढीग होतो, गुठळ्या राहतात, एखादी कड रिकामी राहते. यंत्र त्यावर सुमारे ९ बारच्या दाबाने (एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो) पाणी सोडतं, आणि ते पाणी शेतातल्या पाटासारखंच वागतं: बांध जिथे कच्चा, तिथूनच फुटणार. त्या वाटेवरची कॉफी नको तितकी धुऊन निघते आणि कडवटपणा सोडते. बाकीची जेमतेम भिजते, ती आंबट लागते. एकाच कपात दोन्ही तक्रारी! याला चॅनेलिंग म्हणतात. बास्केट बसवायच्या दांड्याला पोर्टाफिल्टर म्हणतात; तो उघड्या तळाचा असेल तर ते डोळ्यांना दिसतं: बारीक पिचकारी उडते आणि ओटाभर शिंतोडे.

दाबण्याचं काम त्यामानाने साधं. मधली हवा काढून थर घट्ट आणि सपाट करायचा, बस. पूर्वी ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो, हा आकडा मंत्रासारखा सांगितला जायचा. पण जरा हिशेब मांडा. ५८ मिलिमीटरच्या बास्केटचं क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस सेंटिमीटर. त्यावर ९ बार म्हणजे जवळजवळ २४० किलोंचा भार. आपल्या हाताचे चार-पाच किलो इकडेतिकडे झाले तर त्यापुढे त्याचं काय? कॉफी आणखी दबत नाही असं हाताला जाणवलं की थांबावं. आणि आत दाट-विरळ असताना वरून दाबणं म्हणजे खड्डा न भरता रोलर फिरवणं. रस्ता दिसतो गुळगुळीत, पहिल्या पावसापर्यंत.

दाक्षिणात्य फिल्टर वापरणाऱ्यांचा आणखी एक घोळ होतो. त्यातली दांड्याची चकती टॅम्परसारखी दिसते, पण तिथे पाणी फक्त स्वतःच्या वजनाने झिरपतं. चकती जोरात दाबली तर डिकॉक्शन उतरता उतरत नाही. एस्प्रेसोत पाठीशी पंप असतो, म्हणून घट्ट थर चालतो; चालतो काय, लागतोच.

पसरवायला सुया उत्तम. जॉन वाइस यांनी २००५च्या सुमारास मांडलेली ही युक्ती आज डब्ल्यूडीटी (वाइस डिस्ट्रिब्युशन टेक्निक) म्हणून ओळखली जाते. सुया आधी तळापर्यंत नेऊन गोल फिरवायच्या, मग वरचा थर सारखा करायचा. ०.४ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक हव्यात, जाड सुयांनी चर पडतात. बुचात खोचलेल्या ॲक्युपंक्चरच्या सुयांवर माझं छान भागतं. टूथपिक मात्र नको.

दाबताना कोपर टॅम्परच्या सरळ वर ठेवा आणि अंगठा-तर्जनी बास्केटच्या कडेला टेकवा. टॅम्पर तिरपा झाला की बोटांना लगेच कळतं. शेवटी टॅम्पर गर्रकन फिरवण्यात देखाव्यापलीकडे फारसं काही नाही. दाबून झाल्यावर पोर्टाफिल्टरला बाजूने ठोकण्याची सवय मात्र वाईट: थर कडेपासून सुटतो आणि पाण्याला आयती वाट मिळते.

चूक कुठली, हे घड्याळ सांगतं. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत, हे नेहमीचं माप धरू. दर वेळी पंधराच सेकंद लागत असतील तर दळण बारीक करा. दळण तेच, वजन तेच, आणि तरी आज २० सेकंद, उद्या ३८? मग ग्राइंडरला हात लावू नका, सुया काढा.