अंतर्गत इमिग्रेशन तपासणी नाके (अमेरिका)

अमेरिकेच्या सीमेपासून बऱ्याच आत, महामार्गांवर बॉर्डर पेट्रोल हे केंद्रीय दल चालवत असलेले नाके. त्यांची संख्या शंभराच्या आसपास आहे. बहुतेक नाके कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको व टेक्सास या मेक्सिकोलगतच्या राज्यांत आहेत. त्यांवरून जाणाऱ्या बहुसंख्य लोकांनी त्या प्रवासात सीमा ओलांडलेलीच नसते. कामाला, बाजाराला किंवा दवाखान्यात निघालेल्या माणसाला कसल्याही संशयाविना सरकारने थांबवावे का, हा या नाक्यांबाबतचा मूळ वाद आहे.

टोलनाक्यासारख्या छपराखाली गाड्या रांगेने सरकतात. अधिकारी काच खाली घ्यायला लावून नागरिकत्व विचारतो, गाडीत नजर टाकतो. अनेक ठिकाणी प्रशिक्षित कुत्रा गाडीभोवती हुंगत फिरतो. बहुतेकांना काही सेकंदांत सोडतात. ज्यांच्याबद्दल शंका येते त्यांना ‘सेकंडरी’त, म्हणजे बाजूच्या जागेत, गाडी लावायला सांगतात.

सीमेपासून ‘वाजवी अंतरा’पर्यंत वॉरंटविना वाहने तपासण्याचा अधिकार कायद्याने १९४६ मध्ये दिला. १९५३ च्या नियमाने हे अंतर १०० मैल (सुमारे १६० किमी) ठरवले. ते समुद्रकिनाऱ्यापासूनही मोजले जात असल्याने न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन आणि अख्खे फ्लोरिडा त्यात येते. देशाची सुमारे दोन-तृतीयांश लोकसंख्या या पट्ट्यात राहते. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेले न्यू जर्सी व सॅन फ्रान्सिस्कोचा परिसरही त्यातच आहेत, मात्र तिथे महामार्गांवर असे कायमचे नाके नाहीत.

संविधानाची चौथी दुरुस्ती व्यक्तीला अवाजवी झडती व अटकेपासून संरक्षण देते. तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये फिरत्या गस्तीने सबळ कारणाविना केलेली झडती बेकायदा ठरवली आणि १९७५ मध्ये नाक्यांवरील झडतीलाही सबळ कारणाची किंवा संमतीची अट घातली. त्याच वर्षी, केवळ मेक्सिकन चेहरेपट्टी पाहून गस्तीने गाडी अडवू नये, असेही न्यायालयाने बजावले. पुढच्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध मार्टिनेझ-फुएर्ते’ या खटल्यात निकाल ७ विरुद्ध २ मतांनी दुसऱ्या बाजूला झुकला. सॅन दिएगो ते लॉस एंजेलिस मार्गावरील सॅन क्लेमेंटेचा नाका त्यात केंद्रस्थानी होता. नाका एका जागी कायम असतो, सगळ्यांना दिसतो, चौकशी थोडक्यात आटोपते, म्हणून वैयक्तिक संशयाविना थांबवणे चालेल, असे न्या. लुईस पॉवेल यांनी लिहिले. सेकंडरीत पाठवताना मेक्सिकन दिसण्याला मोठे वजन दिले तरी ते घटनेला धरून आहे, असेही बहुमताने मानले. न्या. विल्यम ब्रेनन यांनी या मुद्द्यावर कडाडून विरोध केला, न्या. थरगुड मार्शल त्यांच्यासोबत होते. हा विरोध रास्तच होता. रस्त्यावर जो आधार अपुरा, तो नाक्यावर पुरेसा कसा, याचे समाधानकारक उत्तर निकालात सापडत नाही.

परवानगी होती ती थोडक्यात विचारण्याची. प्रत्यक्षात कुत्र्यामुळे नाक्याचे काम बदलते. कुत्र्याने खूण केली की झडतीला सबळ कारण मिळाले असे धरले जाते. निव्वळ गुन्हे शोधण्यासाठी उभारलेले नाके सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये घटनाबाह्य ठरवले आहेत. इमिग्रेशनचे नाके मात्र नागरिकत्व तपासण्याच्या नावाखाली तेच काम करू शकतात. २०१६ ते २०२० या काळात नाक्यांवर अमली पदार्थ सापडल्याच्या दहापैकी नऊ घटनांत फक्त अमेरिकी नागरिकच गुंतलेले होते व त्यांतल्या बहुतेकांत नुसता गांजा होता, असे जीएओ या संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०२२ मध्ये नोंदवले. न्यू हॅम्पशायरमधील वुडस्टॉक येथे २०१७ मध्ये लावलेल्या नाक्यावर असेच झाले. तिथल्या न्यायाधीशाने राज्याच्या घटनेचा आधार घेऊन नाक्यावर सापडलेल्या अमली पदार्थांचा पुरावा फेटाळला.

सर्वांत जास्त झळ बसते ती सीमा आणि नाका यांच्यामध्ये अडकलेल्या कागदपत्रे नसलेल्या कुटुंबांना. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या १० वर्षांच्या मुलीला शस्त्रक्रियेसाठी सीमेलगतच्या लरेडोहून कॉर्पस क्रिस्टीला नेणारी ॲम्ब्युलन्स टेक्सासच्या नाक्यावर थांबवली गेली. अधिकारी रुग्णालयापर्यंत मागे गेले, खोलीबाहेर थांबले आणि उपचारानंतर तिला सरकारी केंद्रात घेऊन गेले. लोकांच्या संतापानंतर तिची सुटका झाली. टेक्सासमधीलच फॉलफुरियसचा नाका चुकवण्यासाठी ब्रुक्स काउंटीच्या कुरणांतून पायी निघालेली कित्येक माणसे उष्म्याने व तहानेने मेली आहेत.

प्रवाशाला नाक्यावर गप्प राहण्याचा आणि झडतीला संमती नाकारण्याचा हक्क आहे. मात्र तो वापरणाऱ्याला ताटकळत ठेवले जाऊ शकते. १८ वर्षांवरील परदेशी नागरिकाला, म्हणजे एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यालाही, नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा लागतो. तो नसणे हा गुन्हा आहे.

अन्याय झाल्यावर दाद मागण्याची वाट अरुंद आहे. बॉर्डर पेट्रोलच्या अधिकाऱ्याने बळाचा अतिरेक केल्याचा आरोप असला तरी थेट घटनेच्या आधारे त्याच्याकडून वैयक्तिक भरपाई मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘एगबर्ट विरुद्ध बूल’ खटल्यात ठरवले. १०० मैलांची हद्द २५ मैलांवर आणण्यासाठी सिनेटर पॅट्रिक लेही व पॅटी मरे यांनी २०१८ मध्ये मांडलेले विधेयकही मंजूर झाले नाही.