ब्लॅकबेरीची काडी: यंदाची की गेल्या सालची?

ब्लॅकबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण जमिनीवरच्या काडीचं आयुष्य दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षी ती सरळ सुटते, पानं काढते, लांबते. दुसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यांतून आखूड फुटवे निघतात, त्यांना फुलं-फळं लागतात आणि फळं उतरली की काडी वाळून जाते. तोवर बुडातून पुढच्या काड्या वर आलेल्या असतात. एकाच झुडपात अशा दोन पिढ्या कायम एकत्र नांदतात. कोल्हापुरात परड्यात हौसेनं ब्लॅकबेरी लावायची, तर बांधणीआधी हे ओळखता आलं पाहिजे. जाईजुईसारखी सगळी वेटोळी एकत्र बांधली की छाटणीच्या वेळी कुठली काडी ठेवायची आणि कुठली काढायची तेच कळत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. नव्या काडीची साल हिरवी असते आणि तिच्या पानात बहुधा पाच पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं) पंजासारख्या पसरलेल्या दिसतात. जुन्या काडीची साल तपकिरी, खरखरीत. तिच्यावरच्या फळफुटव्यांच्या पानांत बहुधा तीनच पर्णिका. एकदा हे डोळ्यांत बसलं की लांबूनही फरक कळतो.

आता खरी अडचण. थंड प्रदेशातल्या ब्लॅकबेरीचे डोळे हिवाळ्यात झोपतात आणि पुरेशी थंडी अंगावर घेतल्याशिवाय उठत नाहीत. ही थंडी तासांत मोजतात: साधारण 7 अंश सेल्सिअसखाली किती तास गेले ते. नवाहोसारख्या जातीला असे 800-900 तास लागतात. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचं सरासरी किमान तापमान 14-15 अंशांच्या आसपास असतं. तेव्हा चित्र बघून मागवलेलं रोप इथं हिरवंगार वाढेल, दुसऱ्या वर्षी मात्र फुलं तुरळक येतील. खत वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

थंडी नसताना डोळा उठवायची विद्या आपल्या शेजारीच आहे. तासगावकडचा द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी घेतो, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वेलीला झोपूच न देता तो तिचं वर्ष दोन छाटण्यांनी आखतो. डाळिंबवाले पाणी तोडून, पानगळ करून बहार धरतात. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात ब्लॅकबेरीचं मोठं पीक घेतात, तेही याच वाटेनं: काड्या वाढवायच्या, पानगळ करायची, शेंडे छाटायचे आणि डोळे फोडायचे. तिथं मुख्यतः ब्राझीलमध्ये तयार झालेली तुपी ही जात वापरली गेली. आपल्या बागायतदाराला यातलं काहीच परकं वाटणार नाही. द्राक्षाच्या डोळ्यांना लावतात ती रासायनिक पेस्ट मात्र विषारी असते, ती घरच्या बागेत आणू नये.

घरासाठी मला दुसरा मार्ग जास्त पटतो. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठानं 2004 साली प्राइम-जान आणि प्राइम-जिम या जाती दिल्या. त्यांच्या पहिल्या वर्षीच्या काडीलाच शेंड्याकडे फळ धरतं, त्यासाठी थंडीची वाट बघावी लागत नाही. पुढे याच मालिकेत बिनकाट्याची प्राइम-आर्क फ्रीडम आली. लहान मुलं असतील तर बिनकाट्याचीच जात शोधावी. अशा झुडपाच्या सगळ्या काड्या वर्षातून एकदा बुडापासून कापल्या तरी चालतं. माझ्या मते कोल्हापुरात ही कापणी पावसाळ्याच्या तोंडाशी करावी, म्हणजे नव्या काड्या पावसावर वाढतील आणि फुलं पाऊस ओसरल्यावर येतील. कडक उन्हाळ्यात फुलं येणं सोयीचं नाही. ब्लॅकबेरीचं एक फळ म्हणजे अनेक दाण्यांचा घोस. फुलातल्या जितक्या स्त्रीकेसरांचं फलन होतं तितकेच दाणे भरतात. तापमान 35 अंशांकडे गेलं की पराग कमजोर पडतो आणि फळ वेडंवाकडं, अर्धवट दाण्यांचं निघतं.

तारा बांधायला फार खटाटोप नाही. सात फुटी लोखंडी अँगल दीड-दोन फूट गाडून घ्यावेत, जमिनीपासून तीन आणि पाच फुटांवर जीआय (जस्त चढवलेली) तार ताणावी. ओळ दक्षिणोत्तर ठेवली तर दोन्ही अंगांना ऊन मिळतं. दोन वर्षांची काडी ठेवणार असाल तर फळाच्या काड्या एका बाजूला आणि नव्या दुसऱ्या बाजूला वळवाव्यात. सुतळीचा आठाच्या आकड्यासारखा सैल फास घालावा, म्हणजे तारेवर घासून साल सोलत नाही. काडी कोवळी असतानाच वळवावी. पक्की झाली की बुडात कडकन मोडते.

नवी काडी वरच्या तारेपर्यंत पोचली की शेंडा खुडावा. द्राक्षात शेंडा खुडून सबकेन, म्हणजे बगलेतली काडी, काढतात तोच हा प्रकार. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की बगलफुटी निघतात, असं आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे, पण अपुरं. 2014 साली वाटाण्यावरच्या प्रयोगांत दिसलं की शेंडा खुडल्यावर बगलेतला डोळा हलतो, तोवर ऑक्झिनची घट त्याच्यापर्यंत पोचलेलीही नसते. आधी पोचते ती साखर. वाढता शेंडा पानांतली साखर स्वतःकडे ओढत असतो. तो काढला की तीच साखर खालच्या डोळ्यांना मिळते. मला यातली व्यवहाराची बाजू महत्त्वाची वाटते: साखर पानं बनवतात, म्हणून शेंडा खुडायच्या वेळी काडीवर भरपूर निरोगी पानं आणि त्यांच्यावर ऊन हवं. सावलीतल्या रोडक्या काडीचा शेंडा खुडून जोमदार बगलफुटी येणार नाहीत.

पावसाळ्यात बांधणीचा आणखी एक उपयोग होतो. काड्या सुट्या असल्या की वारा खेळतो, पानं लवकर सुकतात आणि बुरशीला थारा मिळत नाही. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत पाणी साचतं, तिथं फूटभर उंच वाफा करून लाल माती आणि शेणखत मिसळावं. या झाडाला किंचित आम्लधर्मी जमीन मानवते.

आडव्या पसरणाऱ्या जातींचा लोंबता शेंडा ओल्या मातीला टेकला की तिथंच मुळं धरतो. नवं रोप हवं असेल तर एखादा शेंडा मुद्दाम दोन-तीन इंच मातीत पुरावा आणि मुळं धरल्यावर आईपासून कापून घ्यावा. बाकीचे तारेवर घ्यावेत, नाहीतर दोन पावसाळ्यांत सगळ्या परड्याचं काटवण होईल.