जुन्या स्पोर्ट्स कारमधला ड्राइव्हलाइनचा हादरा आणि त्याचं निदान

इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारी जी साखळी असते, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागं जाणारा लांब दांडा), क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा), सेंटर बेअरिंग (शाफ्टला मध्ये आधार देणारं), डिफरन्शियल, हाफ शाफ्ट (तिथून चाकाकडं जाणारा दांडा) आणि हब (ज्यावर चाक बसतं), तिला मिळून ड्राइव्हलाइन म्हणतात. यातलं काही झिजलं, वाकलं, बॅलन्स गेला किंवा कोन बिघडला की ठराविक स्पीडला गाडी थरथरते, सीटमधून कळतं, गिअरच्या दांड्यातून कळतं, आरशात मागचा ट्रक अंधुक दिसायला लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात याला सरळ 'गाडी हादरायलीय' म्हणतात आणि पुढचं वाक्य बहुतेक वेळा 'टायर बॅलन्सिंग करून घ्या' हेच असतं. निदान म्हणजे हा हादरा नक्की कुठल्या फिरणाऱ्या भागाचा आहे ते आधी ठरवणं. पार्ट मागवायचा विषय त्यानंतर.

पहिल्यांदा गाडीची रचना माहीत पाहिजे, कारण स्पोर्ट्स कार म्हटलं तरी सगळ्यांच्या पोटात सारखं नसतं. पहिल्या पिढीच्या मर्सिडीज एसएलके किंवा बीएमडब्ल्यू झेड ३ मध्ये इंजिन पुढं, ओढ मागच्या चाकांना आणि मध्ये दोन तुकड्यांचा शाफ्ट, त्याला सेंटर बेअरिंग आणि जोडाला रबराची डिस्क. माझदा एमएक्स-५ मध्ये शाफ्ट एकच तुकडा, त्यामुळं सेंटर बेअरिंगचा प्रश्नच नाही. पोर्शे ९४४ ची गिअरबॉक्स मागं असते आणि मधला शाफ्ट इंजिनच्याच स्पीडनं फिरतो, म्हणजे तिथं शाफ्टचा हादरासुद्धा इंजिनच्या आरपीएमबरोबर चालतो आणि माणूस फसतो. पोर्शे बॉक्स्टरचं इंजिन मागच्या एक्सलच्या जरा पुढं, तिथं लांब शाफ्ट नाहीच, फक्त हाफ शाफ्ट. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म तर फ्रंट व्हील ड्राइव्ह.

आता हिशोब, आणि माझ्या मते निम्मं निदान इथंच होतं. २०५/५५ आर १६ टायर एका फेऱ्यात साधारण १.९८ मीटर जातो. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ११ फेरे मारतं. डिफरन्शियलचा रेशो ३.९ धरला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.९ फेरे, तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला जवळपास ४४ फेरे मारतो. ११ चा हादरा अंगाला ठोके बसल्यासारखा लागतो, मोजता येत नाही पण वेगळा वेगळा जाणवतो. ४४ चा हादरा मात्र बारीक, कानात गुणगुण आणि फ्लोअरला मुंग्या आल्यासारखं. क्रॉसचा कोन चुकला असेल तर एका फेऱ्यात दोनदा हादरा, म्हणजे ८७ च्या आसपास, तो जवळजवळ आवाजच वाटतो. मोबाईलमधलं व्हायब्रेशन मोजायचं ॲप सीटच्या रेलवर ठेवून हे आकडे बघता येतात, फक्त मोबाईल सेकंदाला १०० वेळा मोजत असेल तर ५० च्या वरचं त्याला खरं कळत नाही, उलट काहीतरी भलताच आकडा दाखवतो.

टेस्टसाठी महामार्गाचा सपाट पट्टा पाहिजे, संकेश्वर ते हत्तरगी बाजूला पहाटे जाणं बरं, गळीत हंगामात मात्र रात्री नकोच, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या बिनदिव्याच्या पुढ्यात येतात. सोबत एक माणूस घ्यावा, लिहून घ्यायला. हादरा येतो त्या स्पीडला गाडी धरायची आणि गिअर बदलायचा. स्पीड तोच, आरपीएम वेगळा, तरी हादरा तसाच असेल तर चाक, शाफ्ट किंवा डिफरन्शियल. आरपीएमबरोबर हलला तर इंजिन, क्लच किंवा फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं). यात एक खोच आहे, बऱ्याच पाच गिअरच्या जुन्या गाड्यांत चौथा गिअर एकास एक असतो, म्हणजे चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच स्पीडनं फिरतात, म्हणून फक्त चौथ्यात टेस्ट करून काही ठरवू नये, तिसरा आणि पाचवा दोन्ही बघावेत. नंतर न्यूट्रल करून सोडून बघायचं, इंजिन चालू ठेवूनच, बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच हादरतंय आणि सोडल्यावर शांत, असं असेल तर लोडखाली बसणारा भाग बघायचा, आतला सीव्ही जॉइंट (हाफ शाफ्टच्या टोकाचा सांधा) किंवा शाफ्टचा कोन.

चाकं तपासायला स्वस्त म्हणून आधी तीच. खानापूर, जांबोटीकडं पावसात फिरून आलेल्या गाडीच्या अलॉयच्या आत तांबडी माती वाळून बसते, बोटभर जाड, ती खरवडली की हादरा गेला असं मी स्वतः दोनदा बघितलंय. टायरवर चार आकडी तारीख असते, २३०९ म्हणजे २००९ चा २३ वा आठवडा, आणि शेडमध्ये वर्षभर उभ्या गाडीचे टायर एका बाजूनं चपटे होतात. बाजारातली अलॉय लावलेली असतील तर मधलं भोक मोजावं, बीएमडब्ल्यू झेड ३ चा हब ७२.६ मिमी, मर्सिडीजचा ६६.६, पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ चा ५४.१, रिमचं भोक मोठं असेल आणि मध्ये रिंग नसेल तर चाक हबवर नीट बसत नाही, बॅलन्सिंगच्या मशीनवर शून्य दाखवतं आणि रस्त्यावर हादरतं.

खरा अभ्यास शाफ्टचा. गाडी चारी बाजूनं स्टँडवर घ्यायची, नुसत्या जॅकवर खाली शिरू नये, हे मी हात जोडून सांगतो. शाफ्ट हातानं फिरवून क्रॉस एकेक करून हलवायचा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर टकटक हाताला लागते, आणि कॅपच्या कडेला गंजाची तांबूस पूड दिसली की आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या झाल्या समजायचं. उत्तर कर्नाटकातले मिस्त्री बोटानं ती पूड पुसून बघतात आणि 'होगेत्री' म्हणतात, म्हणजे गेला. क्रॉसला १६ व्या शतकातल्या कार्दानोचं आणि १७ व्या शतकातल्या रॉबर्ट हुकचं नाव चिकटलंय, त्याचा गुण असा की कोनात फिरला की पुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा पुढं-मागं होतो, दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात आणि बरोबर जुळवून बसवला तरच ते कटतं. म्हणून स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली किंवा गिअरबॉक्सचं रबर दबलं की चांगला शाफ्टसुद्धा हादरायला लागतो.

रबर डिस्कचं माझंच उदाहरण देतो. माझ्या वीस वर्षं जुन्या दोन सीटरला ७० ते ९० मध्ये हादरा, तीनदा बॅलन्सिंग झालं, मागचे दोन टायर नवे झाले, फरक काहीच नाही. शेवटी खाली गेलो तर डिस्क नवीच होती, आधीच्या मालकानं कुठंतरी बदलून घेतलेली, पण बसवणाऱ्यानं नट धरून बोल्टच फिरवलेला आणि रबर पिळून बसलेलं, बारीक चिरा पडलेल्या. त्या डिस्कवर बाण असतात, ते फ्लँजच्या, म्हणजे डिस्क ज्याला बोल्टनं बसते त्या जोडाच्या, फाट्याकडं पाहिजेत, रबरातला बोल्ट स्थिर धरून फ्लँजच्या बाजूचा नट आवळायचा. नवी डिस्क तशी बसवली आणि ८० ला आरसा स्थिर झाला. मीटर ४० हजार दाखवत असला तरी रबराचं वय वर्षांवर जातं, किलोमीटरवर नाही, सेंटर बेअरिंगच्या रबराचंही तसंच, ते फाटलं की सुटताना १० ते ४० च्या दरम्यान कुरकुर आणि धडधड येते.

हाफ शाफ्टला जास्त शब्द नकोत, बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) फाटला, ग्रीस उडालं, वाळू गेली की सहा गोळ्यांचा सीव्ही जॉइंट खराब होतो, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत वळताना टकटक आली तर बाहेरचा.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर आणि दोन तुकड्यांच्या जोडावर पंचनं खूण करावी, एक दात चुकला तरी बॅलन्स बिघडतो. बेळगावच्या उद्यमबागमध्ये लेथवाले भरपूर, डायल गेज लावून शाफ्ट वाकलाय का ते बघून देणारा सापडतो, अर्ध्या मिलिमीटरच्या वर आउट निघाला तर मला तो शाफ्ट पटत नाही, मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच धरावा. बॅलन्सिंग मात्र लेथवर होत नाही, त्याला शाफ्टचंच मशीन लागतं, आणि ट्रकच्या शाफ्टवर सवय असलेल्या माणसाला आपला शाफ्ट किती आरपीएमला फिरतो ते आधी सांगावं, वरच्या हिशोबानं ताशी १२० ला तो जवळपास ३९०० होतो.