गर्भाशयमुखाची तपासणी: ‘निगेटिव्ह’वर किती विसंबायचं?

गर्भाशयमुखाचा कर्करोग हळू वाढतो. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग शरीरात ठाण मांडून बसला, तर पेशी बिघडत जाऊन कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. तोवर बिघाड सापडला, तर तेवढा भाग जाळून किंवा कापून टाकता येतो. म्हणून या कर्करोगाने होणारा मृत्यू मला फार अन्यायाचा वाटतो.

पॅप स्मीअरमध्ये गर्भाशयमुखावरच्या पेशी ब्रशने खरवडून घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. केंद्रक मोठं, गडद, वेडंवाकडं दिसलं की शंका येते. पण काचेवरच्या हजारो पेशींत बिघडलेल्या मोजक्याच असतात, त्या नजरेतून सुटतात. म्हणून ही चाचणी ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा करावी लागते.

व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखाला आम्ल लावून ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं; याला प्रयोगशाळाच लागत नाही. ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी पडते. उपचारही त्याच भेटीत होऊ शकतात. मात्र साध्या सुजेनेही पांढरेपणा येतो, आणि पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकल्याने तो नीट दिसत नाही.

एचपीव्ही चाचणी पेशी बिघडल्या का हे पाहत नाही, थेट विषाणूचा डीएनए शोधते. या तिन्ही पद्धतींची थेट तुलना उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले होते: तीन पद्धतींचे तीन, आणि चौथा तुलनेसाठी. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले, बाकी दोन पद्धतींनी ठळक घट दिसली नाही. मला त्याहून बोलका वाटतो तो ‘निगेटिव्ह’ आलेल्यांचा हिशेब. पुढे त्यांच्यात कर्करोगाचं वार्षिक प्रमाण लाखामागे पॅपमध्ये १५.५, व्हीआयएमध्ये १६, तर एचपीव्ही चाचणीत फक्त ३.७ होतं. विषाणूच नसेल, तर पुढची बरीच वर्षं धोका कमी राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये याच चाचणीला पहिली पसंती दिली: तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. त्याआधी ती करण्यात फारसा अर्थ नाही, कारण तरुण वयात हा संसर्ग बहुतेकींना होतो आणि एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कर्करोग नव्हे; पुढची तपासणी मात्र टाळू नये. नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, त्यामुळे संकोचापायी तपासणी टाळणाऱ्यांपर्यंतही ही चाचणी पोहोचू शकते.