महामार्ग सहापदरी, मोरी मात्र जुनीच

महामार्गाचं रुंदीकरण जाहीर झालं की बोलणं होतं ते पदरांचं, उड्डाणपुलांचं आणि वाचणाऱ्या वेळाचं. शहराला त्याची किंमत मोजावी लागते ती मात्र गटारात, ओढ्यात आणि जमिनीखालच्या नळांमध्ये. तिकडे पहिल्या पावसापर्यंत फारसं कोणी बघत नाही.

पुण्याचा कात्रज-देहूरोड बाह्यवळण महामार्ग घ्या. बऱ्याच भागात त्याच्या पश्चिमेला टेकड्या आहेत आणि पूर्वेला शहर, म्हणजे टेकड्यांवरचं पाणी रस्ता ओलांडूनच खाली उतरणार. रामनदी भुकूम-भूगावकडून येते ती महामार्गाखालून पाषाण तलावाकडे जाते. वारज्याला मुठा आणि वाकडला मुळा आहे, पण नद्यांवर मोठे पूल असतात. खरी अडचण लहान ओढ्यांची, कारण ते मोऱ्यांमधून, म्हणजे रस्त्याच्या भरावाखालून पाणी नेणाऱ्या छोट्या बांधीव वाटांमधून जातात.

आता हिशेब करू. जादा पदर आणि सेवा रस्ते मिळून रुंदी 20 मीटरनं वाढली, तर एका किलोमीटरमागे 2 हेक्टर जमीन डांबराखाली जाते. ताशी 50 मिलिमीटर पाऊस झाला तर तेवढ्या जागेवर तासाभरात 10 लाख लिटर पाणी पडतं. गवताळ जमिनीवरून त्यातलं साधारण 3 लाख लिटर वाहून जाईल, बाकीचं मुरेल किंवा रेंगाळेल. डांबरावरून 9 लाख लिटर वाहतं, आणि तेही झटक्यात. वाढीव 6 लाख लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे 165 लिटर. 450 मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप, 200 मीटरला 1 मीटर उतार दिला तर, तुडुंब भरून सेकंदाला जेमतेम 200 लिटर वाहून नेतो. म्हणजे आधीचं पाणी धरलंच नाही, तरी पाइप जवळपास भरला. पैसे वाचवायला तिथे 300 मिलिमीटरचा पाइप टाकला, तर क्षमता 70 लिटरच्याही खाली येते. व्यास थोडा कमी केला की वहनक्षमता फार मोठ्या प्रमाणात घटते, हे निविदा तपासणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं.

मोरीचं दुखणं आणखी वेगळं. रुंदीकरणात जुनी मोरी तशीच ठेवून तिला दोन्ही टोकांना नवे तुकडे जोडतात. नवा तुकडा मोठा घेतला तरी पाणी जाणार मधल्या जुन्या तुकड्यातून जाईल तेवढंच. जोडाच्या तळाची पातळी दोन-चार सेंटिमीटर जरी चुकली तरी तिथे गाळ धरतो, गाळात फांद्या आणि प्लास्टिक अडकतं. मग वरच्या बाजूला पाणी तुंबतं, भरावच बंधारा होऊन बसतो. भिजलेल्या भरावाची कड ढासळते. यावर उपाय एकच: अर्धा रस्ता बंद ठेवून अख्खी मोरी नव्यानं बांधायची, मग दुसरा अर्धा. वेळ लागतो, म्हणून हे टाळलं जातं. शिवाय मोरी मोठी केल्यावर खालचा ओढा वस्तीत अरुंदच राहिला, तर पूर फक्त जागा बदलतो. तेव्हा गणित अख्ख्या ओढ्याचं मांडायला हवं.

वाहनांचंही असंच. अखंड वाहत्या रस्त्याचा एक पदर तासाला साधारण 1,800 मोटारी नेतो. तोच पदर खाली उतरून 30 टक्के वेळ हिरवा असलेल्या सिग्नलला आला की 550 च्या आसपासच सुटतात. रांग पुन्हा महामार्गावर चढते.

याच महामार्गावरच्या चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे सुमारे 600 किलो स्फोटकांनी पाडला, ते सगळ्यांनी पाहिलं. त्याआधीची काही वर्षं भूसंपादनात आणि वाहिन्या हलवण्यात गेली होती, ती कोणाला दिसली नाहीत. कडेच्या मातीत असलेली जलवाहिनी रुंदीकरणानंतर पदराखाली येते. तिला गळती लागली तर पाणी वर दिसत नाही. ते बारीक माती धुऊन नेतं, आत पोकळी होते आणि एक दिवस रस्ता खचतो. म्हणून आधी चाचणी खड्डे घेऊन नळ नेमका किती खोल आहे ते बघायचं, कारण जुन्या नकाशात बहुधा फक्त रेघ असते. नवी वाहिनी कडेला टाकून दाबाची चाचणी घ्यायची, आतून धुऊन क्लोरिन द्यायचं, मगच जोडणी. जुन्या वाहिनीची तोंडं बंद करून ती पातळ सिमेंटनं भरायची. रस्ता ओलांडताना नळ मोठ्या पाइपातून न्यावा, म्हणजे पुढे तो न खोदता ओढून काढता येतो. चर भरताना 20-20 सेंटिमीटरचे थर दाबत जायचं. एकदम माती लोटली की पहिल्याच पावसाळ्यात तिथे चर उमटते.

मैलावाहिनी याहून अवघड. पिण्याचं पाणी दाबानं कुठेही वळवता येतं, मैला मात्र उतारानंच जातो. 200 ला 1 असा उतार असताना वळसा 60 मीटरनं वाढला, तर तळ आणखी 30 सेंटिमीटर खाली न्यावा लागतो. पुढची जुनी वाहिनी तेवढी खोल नसेल, तर पंप बसवावा लागतो आणि त्याचं वीजबिल कायमचं महापालिकेच्या माथी येतं.

म्हणून नवे पदर वाहतुकीला खुले करण्याआधी महापालिकेनं दोन गोष्टी हातात घ्याव्यात: प्रत्येक वाहिनीचं स्थान आणि खोली दाखवणारा, काम झाल्यानंतर मोजून केलेला नकाशा, आणि प्रत्येक मोरीच्या दोन्ही तोंडांची नि तळाची मापं. दरवर्षी मे महिन्यात गाळ काढल्यावर त्याच मापांशी ताडून बघता येईल.