पाटीवरून 'सल्लागार' कसा उतरला

गुंतवणुकीच्या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्याला ग्राहक वाढवण्याचे जे सल्ले आज मिळतात, ते बहुतेक सारखेच असतात. एकाच वर्गातले ग्राहक धरा: डॉक्टर, शिक्षक किंवा निवृत्तीला आलेले सरकारी कर्मचारी. आधी शिकवा, विक्रीचं नंतर बघा. परताव्याचे आकडे सांगण्यापेक्षा मुलीचं शिक्षण, घर, पेन्शन यांवर बोला. जुन्या ग्राहकाकडून नवी ओळख मागा. हे सगळं अनुभवाचं शहाणपण म्हणून सांगितलं जातं. ते काही अंशी खरंही आहे. पण यातला मोठा भाग नियमांनी घडवला आहे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जाहिरातीच्या एकेक जुन्या वाटा बंद होत गेल्या आणि ज्या उरल्या, त्यांनाच आपण आता मार्केटिंगची सूत्रं म्हणतो. त्यात सर्वांत जास्त गुंता एका शब्दाचा झाला. तो शब्द म्हणजे 'सल्लागार'.

फार मागे जायचं कारण नाही. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, १९६४ मध्ये युनिट ट्रस्टची पहिली म्युच्युअल फंड योजना आली आणि १९७२ पासून पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघरी जाऊन गोळा करणाऱ्या महिला एजंट दिसू लागल्या. या सगळ्यांचं मार्केटिंग म्हणजे ओळख. विमा एजंट नात्यातला किंवा ऑफिसातला असायचा, पोस्टाच्या बाई गल्लीतल्या असायच्या. दिवाळीत डायरी, जानेवारीत कॅलेंडर, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत पाव पानाची जाहिरात, एवढं केलं की वर्ष निघायचं. आणखी एक साधन होतं, त्याबद्दल मात्र उघड बोललं जात नसे: मिळणाऱ्या कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत देणं. "पहिला हप्ता मी भरतो" हे वाक्य कित्येक घरांनी ऐकलं असेल. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने त्याला मनाई होती. म्युच्युअल फंडातही २००२ च्या सुमारास अशी मनाई झाली. तरी प्रथा बरीच वर्षं टिकली, कारण दोन एजंटांची योजना तीच, फॉर्म तोच आणि परतावाही तोच असेल, तर ग्राहकाने एकाला का निवडावं याचं दुसरं उत्तर कुणाकडे नव्हतं.

१९९३ मध्ये खासगी म्युच्युअल फंड आले. पण त्यांच्या योजना विकणाऱ्या वितरकाचा व्यवसाय खऱ्या अर्थाने फुगला तो २००४ नंतरच्या तेजीत. दर महिन्याला नव्या योजना येत आणि दहा रुपयांचं युनिट 'स्वस्त' म्हणून विकलं जाई. २००६ पर्यंत नव्या योजनेच्या आरंभीच्या खर्चापोटी ६ टक्क्यांपर्यंत रक्कम योजनेवर टाकता येत होती आणि त्यातला बराच भाग विक्रीवर खर्च होई. जुन्या योजनेतून पैसे काढून नवीत घाला, हाच त्या काळचा व्यवसायवाढीचा मंत्र होता. त्यात ग्राहकाचं नुकसान झालं, हे कबूल करायलाच हवं. पुढे जे नियम आले, त्यांचं मूळ या वर्षांत आहे.

१ ऑगस्ट २००९ ही तारीख या व्यवसायातला कोणीही विसरलेला नाही. तोवर इक्विटी योजनेत साधारण सव्वादोन टक्के प्रवेशशुल्क कापलं जाई. १०,००० रुपये भरले की २२५ रुपये बाजूला निघत आणि ९,७७५ रुपये गुंतत. ते २२५ रुपये म्हणजे वितरकाचं उत्पन्न. जानेवारी २००८ मध्ये थेट अर्ज करणाऱ्यांना ही कपात माफ झाली होतीच. ऑगस्ट २००९ पासून ती सर्वांसाठी बंद झाली. बाजार नियामकाने, म्हणजे सेबीने, म्हटलं, वितरकाची सेवा किती मोलाची हे ग्राहकाने ठरवावं आणि त्याला वेगळा चेक द्यावा. ब्रिटनने गुंतवणूक उत्पादनांवरचं कमिशन ३१ डिसेंबर २०१२ पासून बंद केलं. म्हणजे आपण त्यांच्या तीन वर्षं आधी पाऊल उचललं, तेही बरीच कमी तयारी करून.

वेगळा चेक जवळजवळ कुणी दिला नाही. ज्या ग्राहकाला आजवर आपण काही देतोय हेच माहीत नव्हतं, त्याच्याकडे हात पसरून फी मागण्याची सवय वितरकालाही नव्हती. उरलं ते मुख्यतः मागाहून, पैसे योजनेत असेपर्यंत दरवर्षी मिळत राहणारं ट्रेल कमिशन. त्याचा हिशेब करून पाहावा. महिना २,००० रुपयांची एसआयपी धरली, तर पहिल्या वर्षात सरासरी शिल्लक १३,००० च्या आसपास असते. त्यावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला ६५ रुपये. त्या ग्राहकाच्या घरी दोनदा गेलं की पेट्रोलचेही पैसे निघत नाहीत. 'घरोघरी फिरू नका, वीस जणांना एकत्र बोलवा' हा आजचा सल्ला याच हिशेबातून जन्मला. गावातल्या हॉलमध्ये, पतसंस्थेच्या सभागृहात, शाळेतल्या स्टाफरूममध्ये 'गुंतवणूकदार जागृती' मेळावे भरू लागले ते याच सुमारास. २०१२ मध्ये फंड कंपन्यांना मालमत्तेच्या ०.०२ टक्के रक्कम गुंतवणूकदार शिक्षणासाठी बाजूला ठेवणं बंधनकारक झालं, त्यामुळे अशा मेळाव्यांना चहा-नाश्त्यापासून बॅनरपर्यंत आधार मिळाला.

अनेकांनी मात्र दुसरी वाट धरली. युलिपमध्ये, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीत, पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर भरघोस कमिशन होतं. कालपर्यंत फंड विकणारे रातोरात युलिप विकू लागले. एप्रिल २०१० मध्ये बाजार नियामकाने १४ विमा कंपन्यांच्या युलिपवर बंदीचा आदेश काढला आणि दोन नियामकांमध्ये उघड वाद पेटला. जूनमध्ये अध्यादेश काढून युलिप विमा नियामकाकडे दिलं गेलं आणि सप्टेंबर २०१० पासून त्यावरील शुल्कांना मर्यादा आली. २०११ च्या डिसेंबरपासून पीपीएफवरचं एजंटाचं कमिशनही बंद झालं. अडीच वर्षांत तालुक्याच्या एजंटाचे तीन आधार एकामागून एक सुटले. फोनवरची विक्रीही त्याच वर्षी आवळली गेली. सप्टेंबर २०११ पासून नको असलेल्या व्यापारी कॉलवर कडक नियम आले आणि डिरेक्टरी घेऊन नंबर फिरवण्याचे दिवस संपले.

सवलतीही दिल्या गेल्या. ऑगस्ट २०११ मध्ये १०,००० आणि त्यावरच्या गुंतवणुकीवर १०० रुपये, आणि ग्राहक पहिल्यांदाच फंडात येत असेल तर १५० रुपये, असं व्यवहारशुल्क मंजूर झालं. २०१२ मध्ये मोठ्या पंधरा शहरांबाहेरून येणाऱ्या पैशांसाठी जादा खर्चाची मुभा मिळाली. मुंबई-पुण्यात बसलेल्यापेक्षा लातूर, सांगली, जळगावच्या वितरकाला थोडं जास्त मिळावं हा त्यामागचा विचार. २०१८ मध्ये पंधराची तीस शहरं झाली, आणि गैरवापराच्या शंकेवरून १ मार्च २०२३ पासून ही सोय थांबली. व्यवहारशुल्कही ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द झालं.

आता त्या शब्दाकडे वळू.

'इंडिपेंडंट फायनान्शियल अॅडव्हायझर', म्हणजे आयएफए, हे नाव आपण ब्रिटनकडून घेतलं. तिथे त्याचा अर्थ बाजारातली सगळी उत्पादनं पाहून सल्ला देणारा असा होता. आपल्याकडे येईपर्यंत तो बदलला. बँकेचा नोकर नाही आणि मोठ्या वितरण कंपनीचाही नाही, तो आयएफए. मराठीत तर आधीपासून पाटीवर 'सल्लागार' होताच. तालुक्याच्या ठिकाणी एकच माणूस जुलैत रिटर्न भरे, मार्चमध्ये करबचतीच्या योजना करून देई, मधल्या काळात पॉलिसी काढे. त्याच्या पाटीवर लिहिलेलं असे 'कर सल्लागार, विमा व गुंतवणूक सल्लागार'. या शब्दात फसवणुकीचा हेतू नव्हता. माणूस ज्याच्याकडे विचारायला जातो तो सल्लागार, इतका साधा अर्थ होता.

२०१३ च्या जानेवारीत गुंतवणूक सल्लागारांचे स्वतंत्र नियम आले आणि एप्रिलपासून लागू झाले. फी घेऊन सल्ला देणारा तो सल्लागार. त्याला नोंदणी, शिक्षण आणि परीक्षा आवश्यक. योजना विकताना ओघात सल्ला देणाऱ्या वितरकाला सूट होती. त्याच १ जानेवारीपासून डायरेक्ट प्लॅनही सुरू झाले होते. त्यात वितरकाचं कमिशन नसतं. आता ग्राहक दोन्ही प्लॅनच्या परताव्याचे आकडे शेजारी ठेवून विचारू शकत होता, "तुम्ही मध्ये कशाला?" या प्रश्नाला उत्तर देणं हेच पुढच्या सगळ्या मार्केटिंगचं काम होऊन बसलं. ऑक्टोबर २०१८ पासून आगाऊ कमिशन संपलं, सगळं ट्रेलवर आलं, आणि ग्राहक टिकवणं हे नवा ग्राहक आणण्याइतकंच मोलाचं ठरलं.

सूट आणि सल्ला यांतली रेष पुसट होती, म्हणून २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये एकापाठोपाठ चर्चापत्रं निघाली. अखेर ३ जुलै २०२० ची अधिसूचना आली आणि ३० सप्टेंबरपासून लागू झाली. एकाच ग्राहकाला सल्लाही द्यायचा आणि वितरणही करायचं, हे बंद. ग्राहकाचं कुटुंबही त्यात आलं. सल्लागाराच्या फीला कमाल मर्यादा आली: सल्ल्याखालील मालमत्तेच्या अडीच टक्के, किंवा ठरावीक फी घेतली तर कुटुंबामागे वर्षाला सव्वा लाख रुपये. आणि वितरकाने 'आयएफए', 'वेल्थ अॅडव्हायझर' किंवा तत्सम कोणतंही नाव वापरायचं नाही. त्याने स्वतःला म्युच्युअल फंड वितरक म्हणावं.

यामागचा नियामकाचा युक्तिवाद भक्कम आहे. सल्लागार म्हटल्यावर ग्राहक गृहीत धरतो की हा माणूस माझ्या बाजूचा आहे. त्याला पैसे फंड कंपनी देते हे त्या शब्दामागे झाकलं जातं. फी आणि कमिशन वेगळं करणं योग्यच होतं, हे मीही मानतो. पण नावाच्या बाबतीत, विशेषतः मराठी मुलखात, जे झालं त्याचा पुरेसा विचार झाला नाही असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे 'वितरक' म्हटलं की गॅसचा वितरक आठवतो, वर्तमानपत्राचा, नाहीतर खताचा. वस्तू इथून तिथे पोचवणारा माणूस. बाजार पडला तेव्हा रात्री दहा वाजता फोन घेऊन "एसआयपी थांबवू नका" असं समजावणाऱ्या, वडील वारल्यावर युनिट आईच्या नावावर करून देण्यासाठी चार खेपा घालणाऱ्या माणसाला हा शब्द पुरत नाही. पंधरा-वीस वर्षं ज्या नावाने गाव ओळखत होतं ते लेटरहेडवरून, व्हिजिटिंग कार्डावरून, पाटीवरून काढावं लागलं, आणि त्यानंतर नव्या ग्राहकाला आपण कोण हे सांगणं हीच मार्केटिंगमधली पहिली अडचण झाली.

'तत्सम नाव' या दोन शब्दांनी गुंता वाढवला. इंग्रजीत यादी स्पष्ट होती. मराठीत काय? 'मार्गदर्शक' चालेल का, 'अर्थमित्र' चालेल का, 'नियोजनकार' म्हणजे सल्लागारच नव्हे का? धोका नको म्हणून अनेकांनी व्यवसायाचं नाव पूर्ण बदललं. कुणी आडनाव पुढे केलं, कुणी 'इन्व्हेस्टमेंट्स' किंवा 'सर्व्हिसेस'वर थांबलं. आज 'स्वतःच्या नावाचा ब्रँड तयार करा' असं जे सांगितलं जातं, त्याला ही सक्तीसुद्धा कारण आहे. आणि ज्यांच्याकडे तो शब्द कायदेशीररीत्या राहिला, ते नोंदणीकृत सल्लागार देशभरात हजाराच्या आसपास; वितरक लाखाच्या वर. हे सल्लागारही बहुतेक मोठ्या शहरांत. म्हणजे जिल्ह्याच्या गावात हा शब्द वापरू शकणारा माणूस सापडणं अवघड झालं.

एप्रिल २०२३ मध्ये नोंदणीकृत सल्लागारांसाठी जाहिरातीची आचारसंहिता आली. ग्राहकांचे अभिप्राय छापायचे नाहीत. 'सर्वोत्तम', 'क्रमांक एक', 'अग्रगण्य' असे शब्द नकोत. बक्षिसं, स्पर्धा नकोत. जाहिरातीला आधी मंजुरी घ्यायची. इथे परदेशी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून उचललेल्या सल्ल्यांचा घोळ होतो. अमेरिकेत १९६१ पासून सल्लागारांना ग्राहकांचे अभिप्राय वापरायला बंदी होती. डिसेंबर २०२० च्या नव्या नियमाने ती काही अटींवर उठवली. त्यानंतर तिकडचे तज्ज्ञ 'समाधानी ग्राहकांचे व्हिडिओ टाका' असं सांगू लागले. आपल्याकडचा नोंदणीकृत सल्लागार तेच करायला गेला तर नियमभंग करतो. दोन देश जवळपास त्याच काळात उलट दिशांना गेले, आणि भाषांतरित सल्ला देणाऱ्यांच्या हे लक्षातही येत नाही.

मार्च २०१७ पासून फंड उद्योगाने टीव्हीवर चालवलेल्या मोहिमेने वितरकाचं एक काम हलकं केलं: म्युच्युअल फंड म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगावं लागेनासं झालं. पण त्याच पाठोपाठ मोबाईलवर सल्ला देणाऱ्यांची लाट आली. त्यांच्यावर २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंधनं आली. नोंदणीकृत संस्थांनी त्यांच्याशी आर्थिक संबंध ठेवायचे नाहीत असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झालं की केवळ शिकवणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतल्या बाजारभावांचा आधार घेऊन शेअरबद्दल बोलायचं नाही. प्रामाणिक वितरकांना या निर्णयाने मोठा दिलासा मिळाला.

डिसेंबर २०२४ मध्ये सल्लागारांचे निकषही सैल झाले. पात्रतेच्या अटी कमी झाल्या, दुसरा व्यवसाय सांभाळून सल्लागारी करण्याची वाट मोकळी झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ठरावीक फीची मर्यादा १ लाख ५१ हजारांवर गेली. तालुक्यातून किती जण ती वाट धरतील हे पुढच्या दोन-चार वर्षांत दिसेल. तोवर जुन्या पाट्यांची सध्याची रचना अशी: वरच्या ओळीत 'कर सल्लागार' तसंच आहे, कारण त्या नावाला या नियमांची आडकाठी नाही, खालच्या ओळीतला जुना शब्द रंगवून टाकलाय आणि त्यावर लिहिलंय 'म्युच्युअल फंड वितरक', शेजारी नोंदणी क्रमांक.