जुन्या कॉम्प्युटरमधले फोटो: आधी डिस्कची नक्कल, मग शोध

कॉम्प्युटर बिघडला म्हणजे त्यातली हार्ड डिस्कही बिघडली, असं मुळीच नाही. २००४-०५ च्या सुमाराचा असेंबल केलेला पीसी आज सुरू होत नसेल, तर दोष अनेकदा एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात), मदरबोर्डवरच्या फुगलेल्या कपॅसिटरमध्ये किंवा सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटन सेलमध्ये असतो. हे भाग बदलून पीसी सुरू करण्याचा मोह होतो, पण फोटो हवे असतील तर तो टाळावा. विंडोज एक्सपी सुरू होताना पेज फाइल (मेमरीला जोड म्हणून वापरायची फाइल) आणि तात्पुरत्या फाइली डिस्कवर लिहीत असते. कधी पूर्वी पुसले गेलेले फोटो अजून डिस्कवर पडून असतील, तर नेमके त्यांच्यावरच हे लिखाण होऊ शकतं. म्हणून पीसी न चालवता डिस्कच बाहेर काढून दुसऱ्या, चालू कॉम्प्युटरला जोडावी.

त्या काळातल्या ३.५ इंची डिस्कला रुंद, ४० पिनांची पट्टी केबल असेल तर ती आयडीई. अरुंद, इंग्रजी एल अक्षरासारख्या खाचेचा कनेक्टर असेल तर साटा. दोन्ही प्रकार चालणारा यूएसबी अडॅप्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारावा. घेताना सोबत वीज पुरवणारा वेगळा अडॅप्टर आहे ना, हे पाहावं. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून फक्त ५ मिळतात. लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कचं काम ५ व्होल्टवर भागतं.

आयडीई डिस्कचा जंपर, म्हणजे मागच्या पिनांवरची छोटी टोपी, ‘मास्टर’च्या जागी ठेवावा. चार पिनांचा पॉवर कनेक्टर दोन कापलेले कोपरे जुळवूनच लावावा. तो जोर लावून उलटा बसवला तर पिवळ्या तारेतले १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या जागी जातात आणि डिस्कवरचं सर्किट जळतं. चांगली डिस्क हातातच मरण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आता वीज द्या आणि कान देऊन ऐका. एकसारखी घरघर येत असेल तर पुढे जाता येईल. ठरावीक तालात ‘टक-टक’ येत असेल, तर हेडला (डिस्कमधल्या वाचणाऱ्या टोकाला) फिरत्या तबकडीवरच्या स्थान दाखवणाऱ्या खुणा वाचता येत नाहीत. डिस्क नुसतीच बारीक ‘पीं’ करत असेल, तर मोटर फिरत नाही. या दोन्ही वेळी लगेच वीज बंद करावी. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं, तर माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. हेड एकदा टेकायला लागलं की प्रत्येक फेऱ्यात चुंबकीय थर खरवडला जातो आणि खरवडलेला थर कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेकडेच द्यावी.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला आजही फिरतो, तो मानू नका. बाहेर काढताच आत दव धरतं, आणि ओल्या तबकडीवर हेड फिरलं तर उरलीसुरली आशाही जाते. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून बसवण्याचा उपायही सहसा चालत नाही, कारण त्या एका डिस्कपुरती जुळवणीची माहिती तिच्याच बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते.

डिस्क नीट फिरत असली तरी लगेच फोटोंचं फोल्डर ओढून कॉपी करायला घेऊ नये. जुन्या ८० जीबी डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे १५ कोटी ६० लाख सेक्टर, म्हणजे छोटे कप्पे, असतात. त्यातला एखादा वाचता आला नाही, की डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि वर विंडोजही तोच हट्ट धरते. कॉपीची हिरवी पट्टी एका फोटोवर अडून राहते आणि खराब झालेल्या जागी हेडचे व्यर्थ हेलपाटे चालू राहतात. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विंडोजने विचारलं तर ‘कॅन्सल’. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-दुरुस्तीची सोय तर चालवूच नये. ती फाइलव्यवस्था सुसंगत करायला बसते, फोटो वाचवायला नाही, आणि त्या दुरुस्तीसाठी याच मरणाऱ्या डिस्कवर लिहिते.

त्याऐवजी आधी सबंध डिस्कची नक्कल एका फाइलमध्ये घ्यावी, तिलाच इमेज म्हणतात. त्यासाठी योग्य साधन म्हणजे जीएनयू डीडीरेस्क्यू. ते मोफत आहे आणि विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून सुरू करता येणाऱ्या सिस्टिमरेस्क्यू या लिनक्समध्ये तयारच मिळतं. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अडेल तिथून उडी मारून पुढे जातं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. कुठला भाग वाचला आणि कुठला राहिला, याचा हिशेब मॅपफाइलमध्ये राहतो. त्यामुळे वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबलात, तरी काम पुढे तिथूनच सुरू होतं. मॅपफाइल द्यायला मात्र विसरू नये.

पहिल्या फेरीत कमांडमध्ये ‘एन’ (-n) हा पर्याय द्यावा, म्हणजे खराब भागातला एकेक सेक्टर वाचत बसण्याचा टप्पा टळतो. दुसऱ्या फेरीत तीच मॅपफाइल देऊन ‘डी’ (-d) आणि ‘आर ३’ (-r3), म्हणजे थेट वाचन आणि आणखी तीन प्रयत्न. ८० जीबीची नक्कल ज्या डिस्कवर घ्यायची तिच्यावर १०० जीबी तरी मोकळी जागा हवी आणि ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आधी मूळ डिस्कचं नाव, मग इमेज फाइलचं, हा क्रम आकार आणि मॉडेल पाहून दोनदा तपासावा. फाइलमध्ये नक्कल घेताना ‘फोर्स’चा पर्याय लागत नाही. डीडीरेस्क्यूने तो मागितला, तर तुम्ही दुसऱ्या एखाद्या डिस्कवरच लिहायला निघाला आहात. थांबा.

८० जीबीच्या निरोगी डिस्कची नक्कल यूएसबी २ मधून, सेकंदाला ३० एमबी धरले तर, पाऊण तासात होते. दुखऱ्या डिस्कला काही दिवसही लागू शकतात.

पुढचं सगळं काम इमेजवर. विंडोजमध्ये ओएसएफमाउंट या प्रोग्रॅमने ती फक्त वाचण्यापुरती जोडता येते. एक्सपीचे फोटो ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये वापरकर्त्याच्या नावाखाली ‘माय पिक्चर्स’मध्ये असतात, व्हिस्टापासून पुढे ‘यूझर्स’मध्ये. डेस्कटॉपवरची ‘न्यू फोल्डर’ही उघडून पाहावीत.

काही फोटो अर्धे दिसतील, अर्ध्याखाली करडे किंवा भलत्याच रंगाचे. जेपीईजीची रचनाच तशी आहे. चित्र ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकोनांत मोडलेलं असतं. चौकोनाची सरासरी उजळता आणि रंग पूर्ण न लिहिता आधीच्या चौकोनाहून किती वेगळे, एवढंच नोंदवलेलं असतं, तेही कमी-जास्त लांबीच्या संकेतांत. मधला एक सेक्टर गेला की पुढचे संकेत कुठून सुरू होतात हेच कळत नाही आणि चुकलेला रंग खालपर्यंत वाहत जातो. तरी असा फोटो टाकून देऊ नका. कॅमेऱ्याने फाइलच्या सुरुवातीलाच बहुधा १६० गुणिले १२० पिक्सेलची छोटी प्रत ठेवलेली असते, ती शाबूत असू शकते. एक्सपीच्या फोल्डरमधल्या लपलेल्या ‘थम्ब्स डीबी’ फाइलमध्येही लहान प्रती सापडतात. आजीचा दुसरा फोटोच नसेल, तर तेवढाही मोलाचा.

फोल्डरच दिसत नसतील किंवा फोटो पुसले गेले असतील, तर फोटोरेक हे साधन. ते फाइलव्यवस्थेकडे न पाहता जेपीईजीची सुरुवातीची खूण, म्हणजे एफएफ डी८ एफएफ हे तीन बाइट, सबंध इमेजभर शोधतं. तुकड्यातुकड्यांत विखुरलेला फोटो त्याला सहसा नीट जोडता येत नाही, पण कॅमेऱ्यातून एका दमात उतरवलेले फोटो बऱ्याचदा सलग असतात. ब्राउझरमधली हजारो फालतू चित्रंही सोबत येतील. ती फाइलच्या आकारावरून गाळू नयेत, कारण त्या वेळच्या मोबाइलचे ६४० गुणिले ४८० चे फोटो ५०-६० केबीचेच असायचे. लांबी-रुंदीच्या पिक्सेलवरून गाळावीत.

मूळ नावं मिळत नाहीत, पण फोटो कधी काढला ती तारीख फाइलच्या आतच असते आणि एक्झिफटूल हे साधन तिच्यावरून नवी नावं देऊ शकतं. लग्न आणि बारसं एकाच १ जानेवारीला दिसलं, तर बॅटरी काढल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलेलं असतं. अशा वेळी फोटोरेकने दिलेल्या नावातला आकडा पाहावा. फोटो डिस्कवर कुठे होता ते तो सांगतो, आणि एका वेळी उतरवलेले फोटो बहुधा शेजारीशेजारीच सापडतात.